पाण्याचा हक्क आणि शीलाचा बांध

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवशी महाड निळे होऊन जाते. मुंबई-पुण्याहून गाड्या येतात, मराठवाडा-विदर्भातून माणसे येतात, पोलादपूरच्या डोंगरकपारीतल्या बौद्धवाड्यांतून आयाबाया पांढरी वस्त्रे नेसून पहाटेच निघतात. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा उरत नाही. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करायचे, तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायचे, स्टॉलवरून एखादे पुस्तक घ्यायचे, भीमगीते ऐकायची आणि उन्हे उतरली की परतीची गाडी धरायची, असा हा शिरस्ता. ही गर्दी म्हणजे आपल्या चळवळीची श्रीमंती आहे. तिच्याविषयी तक्रार करण्याचे काहीच कारण नाही.

प्रश्न वेगळा आहे. तळ्यापासून दोन-तीन किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाला लागून असलेल्या डोंगरात गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. सुमारे तीस लेण्यांचा हा समूह सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचा. तिथे भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत, दगडी ओटे आहेत, स्तूप आहे, पाण्याची टाकी आहेत. तिथल्या एका शिलालेखात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने लेणे, चैत्यगृह, खोल्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे याच महाडच्या परिसरात एके काळी पाणी देणे हा धम्म होता आणि याच परिसरात पुढे पाणी नाकारणे हा धर्म झाला! २० मार्चच्या गर्दीतले किती जण त्या लेण्यांकडे वळतात? फार थोडे.

बाबासाहेब मात्र वळले होते. ज्या १९२७ साली त्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, त्याच साली महाडच्या मुक्कामात त्यांनी जवळची बौद्धकालीन लेणीही पाहिली. आपण त्यांच्या चरित्राचे दोन तुकडे करून टाकले आहेत. एक, तळे खुले करणारा लढवय्या नेता. दुसरा, नागपूरला दीक्षा देणारा बोधिसत्व. पहिला तुकडा जयंतीच्या मिरवणुकीसाठी आणि दुसरा तुकडा विहारातल्या फोटोसाठी! पण महाडपासून नागपूरपर्यंतची ही २९ वर्षे एकाच धाग्याने विणलेली आहेत, आणि तो धागा शीलाचा आहे. तो हातात धरल्याशिवाय बौद्ध होणे म्हणजे काय हे आपल्याला कळणार नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे मूळ गाव सावित्रीच्या खाडीपलीकडे, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ कबीरपंथी. घरात पहाटे भजन, पाठांतर, शिस्त. मुलांनी रामायण-महाभारत वाचावे असा वडिलांचा आग्रह असे आणि हा मुलगा त्यातल्या पात्रांच्या वागण्यावर प्रश्न विचारी. अशा वयात एका परीक्षेतील यशाबद्दल त्यांचा सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. हे चरित्र १८९८ साली प्रसिद्ध झाले होते. त्या पुस्तकाने या मुलाच्या मनात बी पेरले. पुढे ते बी कोलंबियात, लंडनमध्ये, ग्रंथालयांच्या ढिगाऱ्यात वाढत राहिले.

महाडची जमीनही नापीक नव्हती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, लष्करातून निवृत्त झालेले, जोतीराव फुल्यांच्या विचारांनी भारलेले. त्यांनी १८८८ साली विटाळ विध्वंसन ही पुस्तिका काढून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराचाच जाब विचारला होता. कोकणात पेन्शनर सुभेदार-हवालदारांची मोठी परंपरा होती. हातात बंदूक धरलेला माणूस गावात आल्यावर विहिरीपासून दूर उभा राहायला लावला जाई, ही सल घराघरात होती. त्यात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांना खुले झाले. सुरेंद्रनाथ टिपणीस अध्यक्ष असलेल्या महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठरावही केला. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यात! ओंजळ भरायला कोणी धजावत नव्हते.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आजचा रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी ती उभी केली होती. अध्यक्ष बाबासाहेब, वय अवघे ३५. आपण २० मार्च लक्षात ठेवतो, पण १९ मार्चला ते काय सांगत होते हे विसरतो. त्या दिवशी त्यांनी आपल्याच माणसांना आरसा दाखवला. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळेपाके तुकडे मागणे सोडा, वतनाच्या लाचारीतून बाहेर या, मोकळी पडलेली जंगलजमीन मिळवून शेती करा, मुलांना शिकवा, असे त्यांच्या सांगण्याचे सार होते. हक्क मागायला निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आधी आचरण मागितले! दुसऱ्या दिवशी मिरवणूक तळ्यावर गेली आणि त्यांनी पाणी घेतले. ज्यांना पंचशील नागपूरला सुरू झाले असे वाटते त्यांनी हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत.

तळ्यावरून माणसे मंडपात परतली आणि गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव आला. जेवत असलेल्यांना मारले, अन्न मातीत मिसळले, गावाकडे निघालेल्यांना वाटेत गाठले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. बाबासाहेबांच्या भोवती त्या वेळी लढाई पाहिलेले निवृत्त सैनिक होते. परवानगीचा एक शब्द मिळता तर त्या दिवशी महाडमध्ये रक्ताचा सडा पडला असता. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. आपल्या माणसांना त्यांनी आवरले आणि हल्लेखोरांना कोर्टात खेचले.

याला कोणी भित्रेपणा म्हणेल काय? पहिले शील आपण रोज म्हणतो, प्राणिहिंसेपासून अलिप्त राहण्याचे. पुढे बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा जो अर्थ लावला तो दुबळ्याचा नाही. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी फरक केला. अहिंसा हे आंधळेपणाने पाळायचे कलम नसून विवेकाने वापरायचे तत्त्व आहे, अशी त्यांची मांडणी. ताकद असूनही सूड न घेणे हे शील. ताकद नाही म्हणून गप्प बसणे याला शील म्हणत नाहीत.

दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे. तळे बाटले म्हणून विरोधकांनी १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते शुद्ध करून घेतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात दाखल झाला आणि सत्याग्रहाच्या तोंडावर मनाई हुकूम आला. हजारो सत्याग्रही जमलेले, रक्त तापलेले. बाबासाहेबांनी समजूत घालून तळ्याभोवती शांत मिरवणूक काढली, पाणी घेणे लांबणीवर टाकले आणि दावा अखेरपर्यंत लढवला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला. जवळजवळ दहा वर्षे! जे पाणी सर्वांचे, ते काही लोकांनी स्वतःचे म्हणून दाबून ठेवले होते. चोरी कोणाची, हे त्यांनी पुराव्याने सिद्ध केले.

त्या डिसेंबरच्या परिषदेत २५ तारखेला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळली गेली. परिषदेसाठी जागा मिळू नये अशी विरोधकांची खटपट चालली असताना फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली होती. याच परिषदेत बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जातीची खूण सांगणारे जडशीळ दागिने टाका, लुगडे नीट नेसा, मुलींना शिकवा, आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला व मुलाला जेवायला वाढू नका, असा त्यांचा उपदेश होता. पाचव्या शीलाचा इतका सोपा आणि इतका कठोर पाठ दुसरा कोणता असेल? आणि तो घराची चूल सांभाळणाऱ्या बाईच्या हाती दिलेला! महाडच्या त्या बायांनी लुगडे नेसण्याची पद्धत लगोलग बदलली हे आपण अभिमानाने सांगतो. पण वाढायच्या ताटाचे काय झाले, ते मात्र सांगत नाही.

याच मुक्कामात ते लेण्यांत गेले. भिक्खू किती साधे, निरिच्छ, शुद्ध जीवन जगत आणि समाजासाठी कसे झिजत, हे सोबत्यांना सांगताना ते गहिवरले. ज्या दगडी आसनांवर ते भिक्खू बसले त्यांवर आपण बसू नये, असे त्यांनी सोबत्यांना बजावले. मनुस्मृतीला जाळणारा माणूस दगडाच्या रिकाम्या ओट्यापुढे नम्र होतो, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. त्यांना आदर नको होता असे नाही. ग्रंथाचा, जन्माचा, शेंडीजानव्याचा आदर नको होता. शीलाचा आदर हवा होता.

पुढचा प्रवास आपल्याला पाठ आहे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला धर्मांतराची घोषणा. त्यानंतर २१ वर्षांचा अभ्यास. दादरच्या घराला राजगृह, मुंबईच्या महाविद्यालयाला सिद्धार्थ, औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद ही नावे. १९५० मध्ये श्रीलंका, १९५४ मध्ये ब्रह्मदेश. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना, म्हणजे मनुस्मृतीदहनाच्या तारखेलाच, बरोबर २७ वर्षांनी! १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला, कुशीनाऱ्याचे वयोवृद्ध भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेऊन दीक्षा.

त्यानंतर जे घडले ते जगाच्या बौद्ध इतिहासात नवे होते. स्वतः दीक्षा घेतलेल्या या उपासकाने तिथेच उभे राहून लाखो स्त्री-पुरुषांना दीक्षा दिली आणि त्रिशरण-पंचशीलाला २२ प्रतिज्ञांची जोड दिली. का दिली? याचे उत्तर त्यांच्या ग्रंथात आहे. पूर्वी संघात जाणाऱ्या भिक्खूला दीक्षाविधी होता, पण संसारात राहणाऱ्या उपासकाला धम्मदीक्षेचा वेगळा विधी नव्हता. त्यामुळे उपासक आज इथे तर उद्या तिथे भटकत राहिले, किंवा एकाच वेळी दोन्हीकडे राहिले. भारतातून धम्म ओसरण्याच्या कारणांत बाबासाहेबांनी हे एक मोठे कारण धरले. कोकणातल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. खाचरात भात कितीही चांगले लावले, तरी बांध फुटला की पाणीही जाते आणि मातीही जाते. २२ प्रतिज्ञा हा तो बांध आहे.

आता या बांधाच्या आत काय आहे ते थोडक्यात पाहू, कारण रोज म्हटल्या जाणाऱ्या शब्दांचाच अर्थ आधी हरवतो.

शरण जाणे म्हणजे संकटात धावा करणे नव्हे. बुद्ध हे देव नाहीत, प्रेषित नाहीत, विष्णूचा अवतार तर मुळीच नाहीत. ते वाट दाखवणारे आहेत, चालायचे आपल्यालाच. धम्म म्हणजे माणसाने माणसाशी कसे वागावे याची नीती, आणि संघ म्हणजे ती नीती जगून दाखवणाऱ्यांचा समूह. जगात दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्याला मार्ग आहे, हा धम्माचा पाया. बाबासाहेबांनी या दुःखात माणसाने माणसाला दिलेले दुःखही धरले. तळ्याकाठी तहानलेला उभा असलेला माणूस पूर्वजन्मीचे पाप भोगत नव्हता. कोणीतरी त्याला आज अडवत होते. कारण आजचे, म्हणून उपायही आजचा.

पंचशील म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, खोटे बोलणे आणि मादक पदार्थ यांपासून दूर राहण्याचा स्वतःच स्वतःला दिलेला शब्द. इथे कोणी देव शिक्षा करायला बसलेला नाही. म्हणूनच हा शब्द मोडणे सोपे आणि पाळणे मोठेपणाचे. अष्टांगिक मार्ग म्हणजे दृष्टी, संकल्प, वाणी, कर्म, आजीविका, प्रयत्न, स्मृती आणि समाधी या आठही बाबतींत सम्यक असणे. सम्यक दृष्टी असलेला माणूस मूल तापाने फणफणले तर भगताकडे अंगारा आणायला जात नाही, दवाखान्यात जातो. सम्यक आजीविका असलेला माणूस गावठी दारूची भट्टी लावून पोट भरत नाही. सम्यक वाणी असलेला कार्यकर्ता दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याची पाठीमागे निंदा करत नाही. आणि दान, शील, वीर्य, क्षांती, सत्य, मैत्री अशा दहा पारमिता म्हणजे हे सारे थोडे थोडे रोज वाढवत नेणे.

आचार म्हटले तर तेही साधेच. सकाळ-संध्याकाळ वंदना, पौर्णिमेला विहारात एकत्र येणे, जमेल त्याने उपोसथाला अष्टशील पाळणे, आषाढी ते आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावासात बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाचे वाचन करणे. लग्न बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, मुहूर्त-हुंड्याशिवाय. मृत्यूनंतर पुण्यानुमोदन, श्राद्ध-पिंडदान नाही. यात खर्च नाही, मध्यस्थ नाही, भीती नाही. गरिबातल्या गरीब बौद्धवाडीला झेपेल असा हा धम्म आहे.

आणि तरीही बांधाला भगदाडे पडली आहेत, हे लपवून चालणार नाही. महाड-पोलादपूरचा समाज अर्धा मुंबईत आणि अर्धा गावात. चाकरमानी मुंबईच्या विहारात पंचशील म्हणतो आणि भाद्रपदात शेजाऱ्यांचे पाहून घरी मखर बांधतो. तिसऱ्या प्रतिज्ञेत गौरी-गणपतीचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. कोकणात ही प्रतिज्ञा पाळणे सर्वात अवघड, म्हणूनच ती इथे सर्वात मोलाची. शिमग्यात पालखीपुढे मान मिळतो म्हणून आनंदणाऱ्याने विचारावे की हा मान बरोबरीचा आहे की जुन्या गावकीतल्या सेवेचाच उरलेला तुकडा. हळदीच्या रात्री दारू, लग्नाच्या दिवशी पंचशील. जलदान विधीला ऐपत नसताना कर्ज काढून गावजेवण. वाडीत विहार एक आणि गट तीन. बांध तुटला तो बाहेरच्या पुराने नव्हे, आतल्या खेकड्यांनी पोखरल्यामुळे. शेतकऱ्याच्या लेकराला हेही समजते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच वाड्यांत असे बौद्धाचार्य आहेत जे एका फोनवर रात्री-अपरात्री घाट चढून विधीला जातात आणि दक्षिणेची अपेक्षा ठेवत नाहीत. अशा माता आहेत ज्यांनी दारूड्या नवऱ्याशी आयुष्यभर झगडून मुले शिकवली. त्यांनी महाडचा तो उपदेश वाचलेला नसेल, पण जगलेला आहे. धम्म टिकला आहे तो अशा माणसांमुळे.

५ डिसेंबर १९५६ च्या रात्री दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील घरात बाबासाहेब बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथाच्या प्रस्तावनेची कागदपत्रे पाहत होते. सकाळी ते उठले नाहीत. केळुसकर गुरुजींच्या पुस्तकाने सुरू झालेले आयुष्य बुद्धांवरच्या स्वतःच्या पुस्तकापाशी थांबले. तो ग्रंथ १९५७ मध्ये छापून आला. त्यांनी धम्म दिला, पण तो मुरवण्यासाठी त्यांना दोन महिनेही मिळाले नाहीत. ते काम आपल्यावर सोडलेले आहे.

सावित्री महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे खाडीला मिळते. तिच्या काठच्या माणसाला एकेकाळी पाणी मिळाले नाही. आज नळ घरात आला आहे. पाणी कोणी अडवत नाही. पण ज्या शीलाच्या बळावर ते पाणी मिळाले, ते शील आपल्या घरात आहे काय? येत्या २० मार्चला तळ्यावर जरूर जा. ओंजळ भरा. मग दोन-तीन किलोमीटर पुढे जाऊन त्या लेण्यांत पाच मिनिटे शांत उभे राहा आणि पंचशील म्हणा, प्रत्येक शीलापाशी थांबून, मागच्या वर्षाचा हिशेब स्वतःलाच देत. तो हिशेब जुळला तर आपण बौद्ध. नाही जुळला, तर पुढच्या वर्षी जुळवायचा. बाबासाहेबांनी एका तळ्यासाठी दहा वर्षे धीर धरला होता; आपल्याला एका वर्षाचा धरायला काय हरकत आहे?

जयभीम! नमो बुद्धाय!